शिदोरीचं एक्सेल शीट

प्रत्येक ऑफिसच्या ग्रुपमध्ये एक ट्रेक ऑर्गनायझर असतो. त्याच्याकडे विमानाच्या तिकिटांचं एक्सेल शीट असतं, होमस्टेच्या बुकिंगचं असतं, कोणी पैसे भरले आणि कोण गेले तीन आठवडे 'आज रात्री करतो ट्रान्सफर' म्हणतोय, याचंही असतं. पण खाण्याच्या रकान्यात जरा डोकावून बघा. तिथे चारच शब्द असतात : 'फूड – तिकडे बघू काहीतरी.'

बिचाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? आपण सगळे सह्याद्रीत तयार झालेले ट्रेकर. राजमाचीला जा नाहीतर हरिश्चंद्रगडाला, कोणीतरी मावशी पिठलं-भाकरी वाढतेच. वर ठेचा, कांदा आणि 'अजून एक घ्या की' हा आग्रह. 'गावात मिळेल' यावरच आपलं ट्रेकिंग उभं आहे म्हणा ना! त्यामुळे जिथे गावच नाही अशा ठिकाणी निघताना खाण्याचा प्रश्न आपल्या डोक्यात येतच नाही.

आणि सध्या तर ज्याला बघावं तो तीर्थन व्हॅलीला निघालाय. नदीकाठचा होमस्टे, लाकडी बाल्कनी, मांडीवर लॅपटॉप, फोटोला कॅप्शन 'माय न्यू ऑफिस'. छानच आहे ते. पण त्याच नदीच्या काठाने गुशैनी गावाच्या पुढे चालत गेलात की ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क लागतं आणि मग प्रकरण बदलतं. कुल्लू जिल्ह्यातलं हे पार्क १९८४ मध्ये पहिल्यांदा जाहीर झालं, १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची अंतिम अधिसूचना निघाली आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव लागलं. नुसता गाभा ७५४ चौरस किलोमीटरचा. म्हणजे अख्खी मुंबई आत बसवली तरी वर जागा उरेल. एवढ्या जागेत गाडीचा रस्ता नाही, ढाबा नाही, 'मॅगी पॉइंट' नाही. कस्तुरीमृग आहेत, हिमालयन ताहर आहेत, तपकिरी आणि काळी अशी दोन्ही अस्वलं आहेत आणि 'जुजुराणा' नावाचा एक देखणा लाजाळू पक्षी आहे. यातलं कोणीही तुम्हाला चहा विचारणार नाही!

मार्ग सोपा आहे. मनालीच्या वाटेवर औटला उतरायचं, तिथून बंजार, बंजारहून गुशैनी. पार्कची परवानगी आणि स्थानिक गाइड घेऊनच आत जायचं. पहिला मुक्काम गेटच्या जरा पुढे, रोला नावाच्या जागी, साधारण २१०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी छातीवर येणारा चढ चढून शिल्ट, ३००० मीटरच्या वर. तिसऱ्या दिवशी तिथूनच राखुंडीच्या धारेवर जाऊन यायचं. मग उतरायचं. दमछाक नको असेल, तर चार रात्री आणि पाच दिवस धरा.

आता शीट उघडा. पहिला कॉलम, जेवणारी माणसं किती?

तुम्ही लिहिणार 'चार'. माझ्या हिशेबाने नऊ. तुम्ही चौघं, एक गाइड, एक कुक आणि तीन पोर्टर. ही पाच माणसंही तुमच्याइतकीच चढणार आहेत. त्यातल्या तिघांच्या पाठीवर तर तुमचे तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह आणि तुमचं अन्न असणार आहे. भूक कोणाला जास्त लागेल, हे सांगायला न्यूट्रिशनिस्ट कशाला हवा?

तरीही ही पाच पोटं सर्रास विसरली जातात. एक चित्र मी एकाहून जास्त कॅम्पवर पाहिलंय. संध्याकाळी सात वाजता ट्रेकर मंडळी डायनिंग टेंटमध्ये पनीर मखनीची पाकिटं फोडत असतात आणि किचन टेंटमध्ये वेगळ्या पातेल्यात पाच जणांचा डाळभात शिजत असतो. पहिल्या रात्री ती डाळ दाट असते. तिसऱ्या रात्री पातळ होते. चौथ्या रात्री कुक फक्त भात आणि मीठ-मिरची घेऊन बसतो, कारण ज्याने रेशन भरलं त्याने 'स्टाफचं ते बघतील' असं गृहीत धरलेलं असतं. आत चॉकलेटची पाकिटं उरलेली असतात! कोणी दुष्ट नसतं हो, एक्सेलमध्ये ती ओळच नसते. पॅकेज घेऊन जात असाल तर 'ऑल मील्स इन्क्लुडेड' वाचून खूश होण्याआधी विचारा, की स्टाफचं रेशन त्यात धरलंय का आणि ते कोण विकत घेणार आहे.

या लोकांबद्दल अजून एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. हे जंगल त्यांचं घराशेजारचं. पार्क होण्याआधी तीर्थन आणि सैंज खोऱ्यातली गावं इथेच मेंढरं चारायची, जडीबुटी खुडायची आणि वसंतात गुच्छी, म्हणजे ते जाळीदार महागडे मश्रूम, गोळा करून विकायची. १९९९ च्या अधिसूचनेनंतर आतल्या भागातले हे हक्क संपले. काहींना भरपाई मिळाली. बाकीच्यांनी नवी कामं शोधली आणि गाइड-पोर्टरचं काम त्यातलंच एक. म्हणजे तुमच्या सॅकमधलं वजन हा त्यांचा रोजगारही आहे आणि त्यांची पाठही. गुच्छीचा विषय निघालाच आहे तर, 'भैया, थोडा ढूंढ के दो ना' असं गाइडला म्हणू नका. त्याला ते कायद्याने करता येत नाही आणि पाहुण्याला नाही म्हणणं त्याला जड जातं.

दुसरा कॉलम, वजन. चढावर चालणाऱ्या माणसाला दिवसाला तीन ते साडेतीन हजार कॅलरी लागतात आणि त्यासाठी माणशी साधारण ७०० ग्रॅम कोरडा शिधा. नऊ माणसं, पाच दिवस, म्हणजे साडेएकतीस किलो. एका पोर्टरच्या पाठीवर वीस-पंचवीस किलोच्या वर देऊ नये, हा साधा माणुसकीचा दंडक. म्हणजे निव्वळ खाण्यालाच एक पाठ पुरत नाही. आता यात आपल्या लाडक्या रेडी टू ईट पाकिटांचा हिशेब करून बघू. दोन वेळचं, चौघांना, पाच दिवस. चाळीस पाकिटं. एक पाकीट ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बारा किलो. पण ती भाजी शिजलेली, ओली असते. त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त वजन पाण्याचं. जिथे नदी वाहतेय आणि झरे आहेत, त्या डोंगरावर आपण पुण्या-मुंबईहून सात-आठ किलो पाणी माणसाच्या पाठीवर लादून चढवतो... आणि वर त्याला 'हलकं-फुलकं पॅकिंग' म्हणतो! शिवाय मागे चाळीस चकचकीत पाकिटं उरतात. प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे ती जाळता येत नाहीत की पुरता येत नाहीत.

त्यामानाने आपलं साधं बेसन बघा. तेवढ्याच ३०० ग्रॅममध्ये तिपटीच्या आसपास ताकद, शिवाय कचरा शून्य. शंभर ग्रॅम साजूक तुपात सुमारे ९०० कॅलरी असतात, शेंगदाण्यात पावणेसहाशेच्या जवळ, गुळात पावणेचारशे, तांदळात साडेतीनशे. आणि बटाट्यात जेमतेम ऐंशी. बटाटा नेऊच नका असं नाही, बटाट्याशिवाय हिमाचली कुक उदास होतो. पण पहिल्या दोन दिवसांपुरताच न्या.

तिसरा कॉलम मात्र कोणाच्याच शीटमध्ये नसतो. तो म्हणजे इंधन. शाळेतलं भूगोल-विज्ञान आठवा. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश. म्हणजे शिल्टला पाणी ९० अंशांवरच खदखदायला लागतं आणि मग तुम्ही कितीही गॅस जाळा, त्याच्या पुढे जात नाही. बुडबुडे तेच, उष्णता कमी. तुरीची डाळ अशा पाण्यात तासभर नुसती पोहत राहते. राजमा, छोले, हरभरा यांचं तर नावच काढू नका. हिमाचलचा राजमा अप्रतिम असतो, पण तो होमस्टेमध्ये खा. वर न्यायची ती मुगाची किंवा मसुराची डाळ. आणि सोबत एक तीन लिटरचा कुकर न्याच. सव्वा-दीड किलोचं लोढणं वाटतं खरं, पण तो वाचवतो ते इंधन त्याहून जड असतं.

'मग लाकडं गोळा करू, शेकोटी करू, फुल माहोल!' असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला प्रेमाने सांगा, की आपण राष्ट्रीय उद्यानात चाललोय, कर्जतच्या फार्महाउसवर नाही. स्वयंपाक स्टोव्हवर करायचा. स्टोव्हचं इंधन घरून न्यायच्या भानगडीत पडू नका. गॅसचे छोटे कॅनिस्टर विमानात हँडबॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इनमध्येही नाही. लायटर, काडेपेटीही नाही. रेल्वेतही ज्वलनशील सामान नेता येत नाही. कुककडे स्वतःचा स्टोव्ह असतो, त्यालाच आधी फोन करून विचारा, की नऊ जणांना पाच दिवस पुरेल एवढं इंधन धरलंय ना? आणि तुमचा स्वतःचा कॅनिस्टरचा स्टोव्ह असेल तर एक बारीक गोष्ट. नुसत्या ब्युटेनचं कॅनिस्टर थंडीत दगा देतं, कारण शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही. सकाळी सहाला तुम्ही चहाची वाट बघत बसता आणि स्टोव्ह नुसता सुस्कारे टाकतो. प्रोपेन मिसळलेलं घ्या.

जाता जाता, विमानात सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नेऊ देत नाहीत. तेल भरपूर असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत गणलं जातं. आईने प्रेमाने बांधून दिलेलं खोबरं सिक्युरिटीच्या टेबलावर सोडून यायचं नसेल, तर चटणी शेंगदाण्याची न्या.

तर आता मेन्यू. माझा फंडा साधा आहे. रात्रीचं जेवण बंजारचं, दिवसाचं घरचं. आणि पातेलं नऊ जणांना मिळून एकच.

रात्री कुक जे उत्तम करतो तेच त्याला करू द्या. डाळ, भात, रोटी, एखादी भाजी. तांदूळ, आटा, मसूर, मूग, मोहरीचं तेल, साखर, चहा, कांदे-बटाटे, हे सगळं बंजारच्या बाजारात मिळतं. शक्यतो कुकला बरोबर घेऊनच खरेदी करा. कोणता तांदूळ लवकर शिजतो आणि पाच पोर्टर-गाइड मंडळींना रोट्या किती लागतात, हे त्याला तुमच्या एक्सेलपेक्षा जास्त कळतं. गुशैनीला चार दुकानं आहेत, पण नऊ जणांच्या पाच दिवसांच्या रेशनचा भरवसा त्यांच्यावर टाकू नका. या व्यवस्थेत अजून एक सोय आहे. विमानाचं पंधरा किलोचं बॅगेज पिठा-तांदळात जात नाही आणि तुमचे पैसे त्या खोऱ्यातल्या दुकानात जातात.

घरून न्यायचं ते नाश्त्याचं, वाटेवरचं आणि चवीचं. इथे मात्र मराठी स्वयंपाकघराला तोड नाही! पोहे घ्या. वजनाला हलके, भिजवायला मूठभर पाणी, पाच मिनिटांत फोडणी. माणशी ऐंशी ग्रॅम धरले तर नऊ जणांना एका सकाळी पाऊण किलोही लागत नाहीत. उपम्याचा रवा घरीच तुपावर भाजून, फोडणी, मीठ, सुकी मिरची, कढीपत्ता सगळं घालून, गार करून पिशवीत भरा. वर फक्त उकळतं पाणी ओतायचं. शिऱ्याचंही तसंच. भाजलेले गहू आणि डाळं दळून केलेलं सातूचं पीठ तर विस्तवही मागत नाही. गूळ आणि पाणी घालून कालवलं, की झाला नाश्ता. जिममध्ये प्रोटीन शेकचा जो शेकर हलवता ना, त्यातच हलवा.

वाटेवरच्या जेवणाला तिखटमिठाच्या पुऱ्या. घरून निघून दिल्ली, रात्रीची बस, एक रात्र गुशैनी असं करत तुम्ही शिल्टच्या चढाला लागाल तेव्हा घर सोडून चौथा दिवस उजाडलेला असतो. दशम्या तोवर दम तोडतात, घट्ट पिठाच्या, नीट तळलेल्या पुऱ्या टिकतात. गुळपोळी त्याहून टिकाऊ, फक्त डब्यातच न्या, नाहीतर सॅकमध्ये तिचा चुरमा होतो. (तोही वाईट लागत नाही.) सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणीची चटणी, लिंबाचं लोणचं. उंचीवर भूक मंदावते, तोंडाला चव नसते. अशा वेळी आंबट-तिखट काहीतरी जिभेला लागलं, की दोन घास जास्त जातात. म्हणून आमसुलं विसरू नका. संध्याकाळी तंबूत शिरताच गरम आमसुलाचं सार, गूळ आणि जिरं घालून. पाकिटातल्या सूपपेक्षा स्वस्त आणि पोटाला बरं. मी एका कुकला ते करायला शिकवलं तर त्याने उरलेली सगळी आमसुलं स्वतःसाठी मागून घेतली!

चिवडा मात्र नको. वजनाला हलका, पण अर्धा किलो चिवडा अर्धी सॅक खातो आणि तिसऱ्या दिवशी सादळतो. त्यापेक्षा गूळ-शेंगदाणे, खजूर, डिंकाचे लाडू. आणि सुकट-बोंबीलप्रेमींनो, माफ करा. ज्या जंगलात काळं अस्वल राहतं, तिथे भाजलेल्या जवळ्याचा वास सोडणं हे निमंत्रणपत्रिका वाटण्यासारखं आहे. खरं तर कोणतंच खाणं झोपायच्या तंबूत ठेवू नका, लाडूसुद्धा नाही. रात्री सगळं किचन टेंटमध्ये एकत्र बांधून ठेवायचं आणि कुठे ठेवायचं ते गाइड सांगेल तसं.

दिवसागणिक म्हणाल तर पहिल्या रात्री रोलाला ताजी भाजी संपवायची, फ्लॉवर, फरसबी, मटार काय असेल ते. दुसरी रात्र शिल्टची. सगळे थकलेले, कोणाला धड जेवायचं नसतं, तेव्हा मऊ मुगाची खिचडी आणि वर सढळ हाताने तूप. तिसरा दिवस राखुंडीचा, दिवसभर खिशातलं खाणं आणि रात्री पिठलं-भात. पिठलं दहा मिनिटांत होतं, इंधन वाचतं, आणि नऊच्या नऊ जण खातात. हिमाचली मंडळींना ते कढीचं जवळचं नातेवाईक वाटतं. त्याच रात्री शिरा, कारण दुसऱ्या दिवशी उतरायचंय. चौथ्या दिवसाचं काय? नूडल्स करा, काही बिघडत नाही. मी नूडल्सच्या विरुद्ध नाही. फक्त ती दोन मिनिटांत होत नाहीत, सहा-सात धरा.

पॅकिंग घरीच, आदल्या रविवारी. खोकी, बाहेरची वेष्टणं, अर्ध्या रिकाम्या बरण्या घरीच ठेवा. एका वेळचं सगळं एका जाड पिशवीत, मीठ-मसाल्यासकट, आणि वर मार्करने 'दिवस ३, सकाळ'. अंधारात, हातमोजे घालून, हेडलॅम्पच्या उजेडात हळद शोधण्यात कसलाही रोमान्स नाही. पिशव्या मोजून न्या, मोजून परत आणा. कांद्याची सालंही इकडेतिकडे भिरकवायची नाहीत. 'कुजेल की' म्हणता, पण थंडीत कुजायला फार वेळ लागतो आणि तोवर जनावरांना कॅम्पची सवय लागते.

आणि हो, हे पॅकिंग कोण करणार? दर ट्रेकला बघते. तिकिटं आणि परमिट मुलगे बघतात, किचन कमिटीत मात्र आपोआप मुलींची नावं पडतात. ऑफिसात 'इक्वल अपॉर्च्युनिटी'वर तासभर प्रेझेंटेशन देणारा टीम लीडही 'पुऱ्या तू आण ना, तुझ्या आईच्या मस्त असतात' म्हणून मोकळा होतो. बॉस, रवा भाजायला डिग्री लागत नाही. शीटमध्ये प्रत्येक पदार्थापुढे एक नाव लिहा आणि नावं आलटून-पालटून.

त्याच शीटमध्ये अजून एक कॉलम, कोणाला काय चालत नाही. 'व्हेज की नॉनव्हेज' एवढ्यावर भागत नाही. कोणी कांदा-लसूण खात नाही, कोणाची चतुर्थी असते, कोणाला शुगर आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेंगदाण्याची अॅलर्जी. आपली चटणी, लाडू, पोहे, सगळीकडे दाणे घुसलेले असतात, आणि शिल्टहून डॉक्टर एका दिवसाच्या चालीपेक्षा लांब आहे. ही अॅलर्जी कोणाला असेल तर त्याची वेगळी पिशवी नको, सगळ्यांच्याच मेन्यूतून दाणे काढा. कीटोवाले आणि सोळा तासांचा उपवासवाले यांना मात्र सरळ सांगा, की पाच दिवस सुट्टी घ्या. सकाळी उपाशी चढायला लागलेला माणूस दुपारी बाकीच्यांचा ट्रेक थांबवतो.

शेवटची ओळ शीटमध्ये लाल रंगात. जादाचा एक दिवस. नऊ जणांचं एक दिवसाचं अन्न, वेगळ्या पिशवीत, तोंड बांधून. सातू, पोहे, मूगडाळ, तांदूळ, गूळ. शक्यतो थोड्या इंधनात होईल असं. हिमालयात पाऊस कोणाची रजा विचारून येत नाही. एक ओढा फुगला तरी गाइड तुम्हाला पलीकडे जाऊ देणार नाही, आणि देऊही नये. २०२३ च्या जुलैमध्ये कुल्लू-मंडीकडे रस्ते आणि पूल कसे वाहून गेले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच आहे. म्हणून पावसाळ्यात जाऊच नका. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, नाहीतर सप्टेंबर संपता संपता आणि ऑक्टोबर. तरीही ती पिशवी न्याच. चौथ्या रात्री कोणाला तरी ती फोडायचा मोह होतो. 'उद्या तर उतरतोच आहोत' हा त्याचा युक्तिवाद असतो. फोडायची नाही. गुशैनीला रस्त्याला पाय लागेपर्यंत नाही. आणि लागले, की ती पिशवी तशीच पोर्टरमंडळींना घरी न्यायला द्या, मजुरी आणि टिप यांच्या व्यतिरिक्त. त्याबद्दल मजुरीतून काही कापायचं नाही, हे सांगायला लागू नये, पण मी ऐकलंय म्हणून सांगते.

मग बंजारला येऊन सिड्डू मागवा. गव्हाच्या फुगवलेल्या पिठात अक्रोड-खसखशीचं सारण भरून वाफवलेला, वरून तुपाची धार. नऊ जणांचे सांगा. ऑर्डर दिल्यावर वाफवायला वेळ लागतो. तेवढ्यात हात धुऊन घ्या, पाच दिवसांनी पहिल्यांदाच साबणाने.